दुबईला न पोचलेलं गलबत आणि मिरचीचं पोतं

1987 साली मल्याळममध्ये ‘नाडोडिक्काट्टु’ नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक सत्यन अंतिक्काड, पटकथा श्रीनिवासन यांची. बी. कॉम. झालेला दासन (मोहनलाल) आणि त्याचा कमी शिकलेला मित्र विजयन (खुद्द श्रीनिवासन) हे एका कंपनीत शिपाई. नोकरी जाते. बँकेचं कर्ज काढून दोघे दोन गाई घेतात, तर त्या पुरेसं दूध देत नाहीत. मग गाई विकून गफूर नावाच्या दलालाच्या हातावर पैसे ठेवतात. गफूर त्यांना गलबतातून दुबईला नेण्याचं कबूल करतो, अरबी झगे चढवायला लावतो आणि एका किनाऱ्यावर उतरवून देतो. झगे सावरत दोघे वस्तीत येतात, तर पाट्या तमिळ. गलबत मद्रासला लागलेलं असतं! पुढे दासनला तिथेच नोकरी मिळते, शेजारी राहणाऱ्या आणि त्याच कचेरीत काम करणाऱ्या राधावर (शोभना) त्याचा जीव जडतो, आणि या दोघांना गुप्त पोलीस समजून तस्करांची टोळी घाबरून जाते.

मला मल्याळम येत नाही. उपशीर्षकांच्या आधाराने मी हा चित्रपट तीनदा पाहिला, आणि दर वेळी एकच गोष्ट मनात आली. आखाती स्थलांतरावरच्या या गाजलेल्या विनोदी चित्रपटात आखात दिसतच नाही, तरी प्रेक्षकाला काही कमी पडत नाही. कारण दुबई त्याच्या घरात आधीच पोचलेली होती. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि केरळातून माणसांचा ओघ आखाताकडे वाढला. तिरुवनंतपुरमच्या ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ने 1998 साली केलेल्या स्थलांतर पाहणीत परदेशी असलेल्या केरळीयांचा आकडा साडेतेरा लाखांच्या घरात निघाला. गल्लीगल्लीत एखादं नवं घर आणि त्या घराचा पैसा कुठून येतो याची चर्चा.

या विनोदाचं यंत्र कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. एक जण जातो, बाकीचे मागे राहतात. तिथे तो नेमकं काय करतो, हे मागच्यांना दिसत नाही. त्यांना दिसते ती मनीऑर्डर, सुटीत आणलेली अत्तराची बाटली, लग्नाच्या बाजारात वाढलेला भाव. या दोन टोकांमधल्या अंतरात थापा मावतात, दलाल मावतात, प्रेमही मावतं. पत्रंही त्याच अंतरातून निघाली. एस. ए. जमील यांचं ‘दुबई कत्तु’ हे पत्रगीत सत्तरच्या दशकात केरळभर गाजलं, ते मागे राहिलेल्या बायकोच्या तोंडी आहे. त्याच दुःखाची हसरी बाजू चित्रपटवाल्यांनी घेतली. आखातातली फरफट मोठ्या पडद्यावर ठसठशीत आली ती पुढे: ‘गद्दामा’ 2011 साली, ‘पत्तेमारी’ 2015 साली, ‘आडुजीवितम’ 2024 साली.

मराठीत याच्या जवळ जाणारं काय? ‘नाडोडिक्काट्टु’नंतर वर्षभराने, 1988 साली, सचिन पिळगांवकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. ‘बीवी और मकान’ या 1966 सालच्या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला, पण मराठीत असा मुरला की मूळ कोणाला आठवत नाही. पुण्यात आसरा शोधणारे चार तरुण, त्यांतले दोन बायकांच्या वेषात. इथे झगा, तिथे साडी. दोन्हीकडे परक्या शहरात टिकायचं तर दुसऱ्याचं सोंग घ्यावं लागतं. फरक एवढाच की आपल्या चौकडीला खोली हवी होती आणि त्यांना देश. रत्नागिरी-रायगडातल्या अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांतली माणसं आखातात गेली, पण त्यांच्यावर गाजलेला मराठी विनोदी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं मी वरोऱ्यात बसून का लिहितो आहे? आमच्याकडे कापूस-सोयाबीन. पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, मूलकडे सरकलं की धानाची झाडी लागते. धान घरात आलं की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा (देसाईगंज) हे तिचं केंद्र. मंडई, शंकरपट, गावोगावचे मंडप, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना तिची आठवण झाली, असो. नाटकांचा हंगाम ओसरत येतो तेव्हा याच प्रेक्षकांतली कितीतरी घरं मिरची तोडायला तेलंगणात निघतात. काही जण मजुरी पैशांत घेतात, काही मिरचीच्याच रूपात. मल्याळी गडी दुबईहून पेटी आणतो, आमचा माणूस पोतं आणतो, आणि ते उघडलं की घरभर ठसका.

झाडीपट्टीत हसवणारं पात्र नसलेलं नाटक चालत नाही. सासरा, पुढारी, सावकार, सगळ्यांची टर उडते. मिरचीला जाणारा मात्र त्यात मला कधी भेटला नाही. गरिबीवर हसू नये हे कारण मला पटत नाही, कारण दासन-विजयनही कफल्लकच आहेत. माझ्या मते कारण स्थलांतराच्या तऱ्हेत आहे. इथून टोळीच्या टोळी जाते. नवरा-बायको, दीर-जाऊ, शेजारपाजार एकाच गाडीत. मागे म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरं. कोणाला किती मजुरी मिळाली हे सगळ्यांना ठाऊक, मग थाप मारायची कोणाला? गफूरला इथे धंदा नाही. शिवाय तेलंगणाचं कोणी स्वप्न पाहत नाही. दुबईचं पाहतात, म्हणून ते मोडलेलं पाहून हसू येतं.

तरी दुसऱ्या जातीचा विनोद तिथे पडून आहे असं मला वाटतं. महिना-दोन महिने परक्या रानात राहणारी तरणी पोरंपोरी, समोर तेलुगू बोलणारा मालक, मधे अर्धवट कळणारा दुभाष्या. प्रेमकथेला यापेक्षा अधिक काय लागतं?

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचे हे मजूर तेलंगणात अडकले. कित्येक जण पायी परतले. तेव्हा प्रथमच त्यांची छायाचित्रं बाहेरच्या लोकांनी पाहिली: डोक्यावर बोचकी, मागे लेकरं. आजही मिरचीचे मजूर म्हटलं की बहुतेकांना तीच आठवतात. केरळातल्या प्रेक्षकाला मात्र आखाताला निघालेला माणूस म्हटलं की मद्रासच्या किनाऱ्यावर झगा सावरत उभे असलेले दासन-विजयनही आठवतात.