मेरी क्वांट आणि तरुणाईची फॅशन
१९४७ मध्ये ख्रिश्चन दिओर यांनी पॅरिसमध्ये रूढ केलेले आवळलेल्या कमरेचे, घेरदार झगे प्रौढ, श्रीमंत स्त्रीसाठी घडवलेले होते, आणि मुलींनीही आईसारखेच कपडे घालावेत असे तेव्हा गृहीत धरले जाई. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मात्र नोकरदार तरुणींच्या हाती स्वतःचा पैसा आला. त्यांची आवड ओळखून मेरी क्वांट यांनी १९५५ मध्ये सहकाऱ्यांसह लंडनच्या किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान उघडले. ‘ओत कुत्यूर’, म्हणजे एकेका ग्राहकाच्या मापाने हाताने शिवलेली उंची वस्त्रे, यांऐवजी तेथे धावता-नाचता येईल असे सुटसुटीत, तयार कपडे मिळत. मिनीस्कर्टचे श्रेय क्वांट आणि पॅरिसचे आंद्रे कुरेझ या दोघांना दिले जात असले, तरी क्वांट यांनी ते किंग्ज रोडवरच्या मुलींना दिले, आणि हीच मांडणी इतिहासाला सर्वाधिक न्याय देणारी आहे. स्कर्ट आखूड झाल्यामुळे पट्ट्यांनी अडकवायचे मोजे गैरसोयीचे ठरले व कमरेपर्यंतचे रंगीत टाइट्स रुळले. १९६६ मध्ये तर दिओर यांच्याच संस्थेत घडलेल्या ईव्ह सां लोराँ यांनीही पॅरिसमध्ये ‘रीव्ह गोश’ हे तयार कपड्यांचे दुकान काढले.