व्हायोला : वाद्य हाताच्या मापाचे हवे

वाढत्या वयाच्या मुलासाठी कपडा एक माप मोठा घ्यावा, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. कपड्यापुरती ती शहाणपणाचीच आहे. मात्र परदेशी शाळेत शिकणाऱ्या नातवंडाने वाद्यवृंदासाठी व्हायोला निवडला, की हीच रीत वाद्याच्या खरेदीलाही लावण्याचा मोह मोठ्यांना होतो. ‘एकदाच मोठा घेऊन टाका, पुढे कामी येईल,’ असे सांगितले जाते. येथे ही काटकसर महाग पडते आणि तिची किंमत मुलाचे मनगट, मान व खांदा मोजतात.

व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखा, पण अंगाने थोराड आणि आवाजाने खर्जाकडे झुकणारा. व्हायोलिनची सर्वांत बारीक ‘ई’ तार त्याला नसते. त्याऐवजी खालच्या बाजूला जाड ‘सी’ तार असते. पूर्ण मापाच्या व्हायोलिनच्या धडाची लांबी सुमारे ३५.५ सेंटिमीटर, आणि हे माप जवळजवळ ठरून गेलेले आहे. व्हायोलाचे तसे नाही. त्याचा स्वर ज्या प्रमाणात खाली आहे त्या हिशेबाने त्याचे धड दीडपट, म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवे. एवढे वाद्य हनुवटीखाली धरून वाजवणे अशक्यप्राय. म्हणून कारागिरांनी तडजोड केली आणि मोठ्या माणसांचे व्हायोले साधारण ३८ ते ४३ सेंटिमीटर अशा निरनिराळ्या मापांत होऊ लागले. ‘पूर्ण माप’ असे एकच काही येथे नाही, हे खरेदीदाराने प्रथम ध्यानात घ्यावे.

या तडजोडीचा सर्वांत जाणता अभ्यासक म्हणजे इंग्लंडचे लायोनेल टर्टिस (१८७६–१९७५). एकल वादनाचे वाद्य म्हणून व्हायोलाला मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रणी. ते स्वतः सुमारे ४३.५ सेंटिमीटरचा जुना इटालियन व्हायोला वाजवीत. १९३७ मध्ये बाहूच्या संधिवातामुळे त्यांनी मैफलींतून निवृत्ती जाहीर केली आणि आर्थर रिचर्डसन या कारागिराच्या साहाय्याने आवाजाने भरदार, तरीही हाताला झेपणारा व्हायोला घडवण्याच्या कामी लागले. त्या नमुन्याची लांबी ४२.५ सेंटिमीटर ठरली. पुढे ते पुन्हा वाजवूही लागले. ओटो एर्डेस या कारागिराने तर व्हायोलाचा एक खांदाच कापून काढला, जेणेकरून डावा हात वरच्या स्वरांपर्यंत विनाअडथळा जावा. जाणत्यांनी वाद्य माणसासाठी बदलले. आपण मात्र दहा वर्षांच्या मुलीने वाद्यासाठी बदलावे अशी अपेक्षा करतो. कर्जाचा हप्ता बांधताना आधी ऋणकोची मिळकत पाहावी लागते, हे बँकेतील माझ्यासारख्यांना पहिल्या वर्षीच शिकवले जाई. मिळकतीपेक्षा मोठा हप्ता पुढे थकतोच.

माप पाहण्याची साधी पद्धत अशी. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात लांबवावा. कोपर किंचित वाकलेले असताना वाद्याचे टोक तळहातात येऊन बोटे त्याभोवती सहज वळली पाहिजेत. हात ताणून सरळ करावा लागला, तर वाद्य मोठे. करंगळीही पाहावी, कारण व्हायोलावर स्वरांतील अंतर व्हायोलिनपेक्षा अधिक असते आणि आखूड करंगळीला तो ताण रोज सोसावा लागतो. मुलांसाठी याहून लहान व्हायोले मिळतात. अमेरिकेत ते भाड्यानेही मिळतात आणि मूल वाढले की बदलून घेता येतात. माझ्या मते, वाढ पुरी होईपर्यंत भाडे हाच खरा व्यवहार.

माप जमले तरी बैठक जमतेच असे नाही. वाद्य आणि जबडा यांच्यामध्ये प्रत्येकाच्या मानेनुसार पोकळी राहते. ती भरण्यासाठी वरच्या बाजूला हनुवटीची पट्टी, म्हणजे चिनरेस्ट, आणि खाली शोल्डर रेस्ट असते. चिनरेस्ट ही जर्मन व्हायोलिनवादक लुई स्पोर यांची १८२० च्या सुमाराची कल्पना. उंच मानेच्या मुलाला पुष्कळदा खालचा आधारच वाढवून देतात. त्यामुळे सारे वाद्य वर चढते आणि गज धरलेला उजवा हातही सतत उचलून धरावा लागतो. व्हायोलाचा गज व्हायोलिनच्या गजापेक्षा जड, साधारण ७० ग्रॅमचा, हेही विसरू नये. अशा वेळी आधी वरची पट्टी उंच करून पाहावी. वाद्याचा भार गळ्याखालच्या आडव्या हाडावर टेकावा आणि डोके त्यावर नुसते विसावावे. डावा खांदा कानाकडे चढत असेल किंवा दात आवळले जात असतील, तर बैठक चुकलीच. हात आखूड असल्यास वाद्य थोडे समोरच्या दिशेला आणावे, म्हणजे गज टोकापर्यंत सरळ जातो. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले जमिनीवर टेकलेली असावीत आणि स्वरलिपीची घोडी डोळ्यांच्या पातळीजवळ असावी.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटला. पं. व्ही. जी. जोग यांच्यासारखे वादक मांडी घालून बसत आणि व्हायोलिनचे टोक पावलावर टेकवीत. वाद्य छाती आणि पाऊल यांच्यामध्ये स्थिर राहते, डावा हात मींडेसाठी मोकळा होतो. ही बैठक शिकलेले मूल पाश्चात्त्य वाद्यवृंदात गेले, तर उभ्याची पद्धत त्याला नव्याने शिकावी लागते, तेव्हा शिक्षकांना ते आधीच सांगावे.

तारांविषयीही दोन शब्द. पूर्वी त्या मेंढीच्या आतड्यांपासून करीत, त्यामुळे आपल्या घरांत संकोच असणे स्वाभाविक होते. आता पोलादी किंवा कृत्रिम धाग्याच्या गाभ्याच्या तारा सर्रास मिळतात. घेताना गाभा कशाचा, हे विचारावे. लहान धडावर ‘सी’ तार ढिली व घोगरी वाटते, म्हणून संच वाद्याच्या लांबीनुसार निवडावा. तारा पट्टीपासून फार उंच असतील, तर कोवळी बोटे दाबून दाबून थकतात. वाद्याची घोडी योग्य उंचीची करून घेणे हे कारागिराचे थोड्या वेळाचे काम आहे.

सरावानंतर थकवा येणे वेगळे आणि बोटांना मुंग्या येणे, बधिरता वाटणे किंवा मान दुसऱ्या दिवशीही दुखणे वेगळे. अशा वेळी सराव थांबवून वाद्याची मांडणी तपासावी. दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे. जबड्याखाली पुरळ उठले, तर चिनरेस्टचा धातूचा चिमटा पाहावा. त्यातील निकेल काहींच्या त्वचेला सोसत नाही. टायटॅनियमचा चिमटा मिळतो, आणि तो येईपर्यंत मधे सुती रुमाल ठेवला तरी भागते.