बसवण्याआधी काढण्याचा विचार

चिपचा आराखडा काढणारे 'मॅजिक' हे मोफत सॉफ्टवेअर १९८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात तयार झाले. उबुंटू लिनक्सवर ते 'ॲप्ट'मार्फत बसवले, तर कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद राहते. 'रिमूव्ह' म्हटले की सॉफ्टवेअर जाते. 'पर्ज' म्हटले की यंत्रणेतील त्याच्या सेटिंगच्या फायलीही जातात. होम फोल्डरमधील तुमच्या आराखड्यांना ॲप्ट हात लावत नाही.

मूळ सोर्स कोडवरून स्वतः बसवले, तर मात्र ॲप्टच्या वहीत नोंदच नसते. मग फायली हाताने शोधून पुसायच्या. घाईत चुकीचा फोल्डर पुसला, तर महिनोन्महिन्यांची मेहनत गेलीच! म्हणून आराखडे वेगळे ठेवा, त्यांची प्रत काढा आणि मगच साफसफाईला बसा.