अपघात व आगीत हानी झालेल्या बसगाड्यांची दुरुस्ती : तांत्रिक, आर्थिक व विधिविषयक विचार

प्रस्तावना :

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजानजीक, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी शयनयान बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिक येथे यवतमाळकडून मुंबईस जाणाऱ्या बसची अन्य वाहनाशी टक्कर होऊन ती जळाली होती. अशा दुर्घटनांनंतर चालकाची झोप, वाहनाचा वेग, आपत्कालीन दरवाजे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या मानाने जळालेल्या वाहनाचे पुढे काय होते, हा प्रश्न उपेक्षित राहिला आहे. संपूर्ण भस्मसात झालेल्या बसपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. ती भंगारात जाते. खरी अडचण आहे ती इंजिनाची बाजू किंवा मागील काही आसने जळून उर्वरित भाग शाबूत दिसणाऱ्या बसची. ती दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येते. असा निर्णय कोणत्या आधारावर घेतला जातो आणि तो आधार प्रवाशांच्या सुरक्षिततेचा असतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बसची रचना आणि दुरुस्तीची शक्यता :

भारतातील बहुसंख्य बसगाड्या दोन टप्प्यांत तयार होतात. कारखानदार इंजिन, गिअरबॉक्स व चाकांसह चासी पुरवितो आणि तिच्यावर बॉडी बांधली जाते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथील मध्यवर्ती कार्यशाळांत हे काम होत आले आहे. किरकोळ दुरुस्ती आगारात, त्याहून मोठी विभागीय कार्यशाळेत आणि संपूर्ण पुनर्बांधणी मध्यवर्ती कार्यशाळेत, अशी ही उतरंड आहे. बॉडी काढून त्याच चासीवर नवी चढविणे या कामगारांना नवीन नाही. गेल्या दशकात महामंडळाने ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून, सुस्थितीतील चासींवर पोलादी बॉड्या बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. तात्पर्य, चासी सरळ असेल तर बॉडी जळालेली बसही तत्त्वतः पुन्हा उभी राहू शकते.

एकसंध बांधणीच्या आलिशान बसगाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत स्वतंत्र चासी नसते. नळ्यांचा संपूर्ण पिंजराच भार वाहतो. त्याचा एक भाग तापून वाकला की त्याचा परिणाम सर्व सांगाड्यावर होतो, आणि मूळ मापांवर तो परत आणणे साध्या गॅरेजच्या आवाक्यातील काम नव्हे.

आग कोठे लागली यालाही महत्त्व आहे. ज्वाला वर जातात. उभ्या बसच्या आसनांना आग लावली गेली, तर छत व खिडक्या नष्ट होतात. खालील चासीला तुलनेने कमी झळ बसते. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यात आंदोलनाच्या काळात एस.टी.च्या काही बसगाड्या जाळण्यात आल्या, त्या या प्रकारात मोडतात. याउलट टक्कर होऊन इंधनटाकी फुटली, तर आग खालून लागते आणि आधीच आघाताने वाकलेली चासी त्याच आगीत तापते. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) पालेम येथे पुलाच्या बांधकामाला धडकून पेटलेल्या बसमध्ये ४५ जणांचा बळी गेला, तो अपघात या दुसऱ्या प्रकारचा होता. तेथे दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही.

उष्णतेचा अदृश्य परिणाम :

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधीच आपले बळ गमावते. पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश लागतात. परंतु ५५० ते ६०० अंशांच्या दरम्यान त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. साधे सौम्य पोलाद थंड झाल्यावर आपली बरीचशी ताकद परत मिळविते, मात्र आलेला बाक तसाच राहतो. उष्मोपचाराने कणखर केलेल्या भागांचे, म्हणजे चाकांवरील पाटे, उच्च ताणाचे बोल्ट यांचे तसे नाही. त्यांचे पाणी एकदा उतरले की उतरले. आकार तोच, वजन तेच, पण गुण गेलेला असतो, आणि हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

एअर ब्रेकच्या नायलॉनच्या नळ्या २०० अंशांच्या आसपासच मऊ पडतात. वायरींवरील पी.व्ही.सी.चे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते आणि ते ज्वालांपासून दूर असलेल्या जोडण्यांवरही बसते. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी हा ओलावा आयताच पुरविते. गंज हळूहळू वाढतो, रोध वाढतो, जोडणी तापू लागते. अर्धवट जळालेल्या बसमध्ये जुन्या वायरिंगला तुकडे जोडून काम भागविले, तर काही महिन्यांनी तीच बस पुन्हा पेटण्याची शक्यता निर्माण होते. रंग मात्र चार दिवसांत नवा होतो.

आसनांचाही मुद्दा आहे. वाहनांतील अंतर्गत साहित्यासाठी भारतीय मानक १५०६१ प्रमाणे आडव्या स्थितीत ज्वलनाचा वेग मिनिटाला १०० मिलिमीटरहून अधिक नसावा. मूळ आसन या कसोटीला उतरलेले असते. दुरुस्तीत बाजारातून आणून बसविलेला फोम व रेक्झिन तसे असतीलच, याची हमी कोण देणार?

विम्याचे गणित :

खाजगी बसचे भवितव्य मुख्यतः विम्यावर ठरते. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार, वाहन उचलून आणण्याचा व दुरुस्तीचा एकत्रित खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते संपूर्ण हानी झालेले मानले जाते. घोषित मूल्य वयानुसार घटते : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, तर चार ते पाच वर्षांच्या वाहनास ५० टक्के. समजा, बसची किंमत ४० लाख रुपये आहे आणि आगीनंतरच्या दुरुस्तीस २० लाख लागणार आहेत. नव्या बसचे घोषित मूल्य ३८ लाख, मर्यादा साडेअठ्ठावीस लाख. ती दुरुस्त होईल. पाच वर्षांला टेकलेल्या तशाच बसचे मूल्य २० लाख, मर्यादा १५ लाख. ती निकालात निघेल. आग तीच, जळालेले भाग तेच. म्हणजेच ७५ टक्क्यांची ही रेषा अर्थशास्त्राची आहे, धातुशास्त्राची नव्हे. शिवाय रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांच्या भरपाईतून सर्वसाधारणपणे ५० टक्के घसारा वजा होतो. आगीत सर्वप्रथम नष्ट होणारे भाग नेमके हेच. हा फरक मालकाच्या खिशातून जात असल्याने जुने भाग चालवून घेण्याचा मोह त्याला होतो.

राज्य परिवहन उपक्रमांची स्थिती निराळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार, दायित्वासाठी स्वतंत्र निधी स्थापन करण्याच्या अटीवर अशा उपक्रमांना सक्तीच्या विम्यातून सूट देता येते. गाडी दुरुस्त करावी की निर्लेखित करावी, हा निर्णय तेथे यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या तपासणीतून व महामंडळाच्या स्वतःच्या तिजोरीकडे पाहून होतो.

कायद्यातील तरतूद :

याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निरुपयोगी झाल्यास मालकाने शक्यतो चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. तसेच, वापरल्यास लोकांना धोका होईल व वाजवी दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे, असे तपासणीत आढळलेल्या वाहनाची नोंदणी प्राधिकारी स्वतः रद्द करू शकतो. ‘वाजवी दुरुस्ती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कायदा येथे केवळ खर्चापाशी न थांबता धोक्याचाही विचार करतो. मात्र विमा कंपनीने संपूर्ण हानी मान्य केलेला सांगाडा भंगाराच्या भावाने विकला गेला आणि नोंदणी रद्द झाली नाही, तर कागदोपत्री ती बस जिवंतच राहते. स्वस्त गॅरेजमध्ये उभी केलेली अशी बस योग्यता प्रमाणपत्रासाठी पुढे येते, तेव्हा मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक, दिवे, धूर तपासले तरी पाट्यांचे उतरलेले पाणी त्याला कळण्याचे साधन नसते. चासीच्या कर्णांची मापे, कठीणपणाची चाचणी व संपूर्ण वायरिंग बदलल्याचा पुरावा, एवढ्या तीन गोष्टी आगग्रस्त बसकरिता अनिवार्य केल्या तरी यातील बरेचसे वाहन गाळले जाईल.

अपघातग्रस्त बस हा पुरावाही असतो. कलम १३६ प्रमाणे तपासणी झाल्यावर ती मालकास परत करावयाची असली, तरी गुन्हा दाखल झालेली वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात दीर्घकाळ पडून असलेली सर्वत्र दिसतात. आगीत रंग गेलेला असतो. जेथे जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या होत्या, तेथे ४२० अंशांच्या आसपास जस्तही वितळून गेलेले असते. अशा उघड्या पोलादावर एक पावसाळा गेला, की जी बस जूनमध्ये दुरुस्तीयोग्य होती, ती ऑक्टोबरमध्ये तशी राहिलेली नसते. तरीही दुरुस्तीचा अंदाज बहुधा जूनमधल्या पाहणीवरूनच काढलेला असतो.