नाताळाआधीचे चार रविवार

दिवाळीचा फराळ संपतो, परभणीच्या शिवारात कापूस वेचणीला जोर चढतो, रब्बीची ज्वारी वाढीला लागते. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांचे उपासनेचे नवे वर्ष सुरू होते. आगमनकाळाचा पहिला रविवार हा त्याचा आरंभ. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो हाच. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो. तिथून नाताळापर्यंत चार रविवार मिळतात.

नाताळ म्हटले की चांदणी, गोठा आणि केक सगळ्यांनाच आठवतात. त्याआधीचा हा तयारीचा काळ मात्र बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. बेथलेहेमात जन्मलेल्या येशूचे स्मरण आणि तो पुन्हा येणार ही आशा, अशा दोन्ही अर्थांनी या दिवसांत त्याची वाट पाहतात. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग चालतो, कारण आनंदाचा दिवस जवळ आलेला असतो.

ही प्रथा जुनी आहे. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्समध्ये ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम होता. केरळातली सिरो-मलबार कुटुंबे आजही १ डिसेंबरपासून २५ दिवस सामिष वर्ज्य करतात.

मराठीतही या प्रतीक्षेला मोठी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा ओव्यांतून येते. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात. म्हणजे पहिले पुराण ऐकणारा श्रोता आपोआप तारकाची वाट पाहू लागतो. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवले. मराठवाड्याच्या बाजूला रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. परभणीचा समावेश असलेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झाला. योगायोग असा, की १७ डिसेंबरलाच आगमनकाळाचा शेवटचा टप्पा सुरू होतो. तेव्हापासून सात संध्याकाळी ख्रिस्ताला सात वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात.

घरातली तयारी साधी असते. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावायच्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. याचे मूळ १८३९ मधल्या हॅम्बर्गमध्ये आहे. योहान विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून मुलांना नाताळापर्यंतचे दिवस मोजायला शिकवले. आपल्याकडे पितळी ताट आणि कडुनिंबाच्या डहाळ्या पुरतात. दुसरी प्रथा मुलांसाठी आहे. गोठ्यातली गव्हाण रिकामी ठेवायची. एखाद्याने आजीला पाणी भरून दिले, भावाशी भांडण मिटवले, की त्याने गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. बाळ येशूचे अंथरूण असे महिनाभर भरत जाते.

पण या काळाचा खरा कस दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी लागतो. त्या दोन्ही दिवशी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाविषयी वाचन असते. लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करावे काय? त्याची उत्तरे रोजच्या व्यवहारातली आहेत. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला छळून पैसे उकळू नयेत. परभणीत बसून हे वाचावे आणि आपल्या आसपास पाहावे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, तेव्हा काटा खरा असावा. मजुरी राहिली असेल तर ती नाताळाच्या खरेदीआधी चुकती व्हावी. हातउसने घेतले असेल ते परत जावे. कॅथलिक माणूस या दिवसांत धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतो; प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपवास-प्रार्थना होतात. या दोन्ही वाटांनी माणसाने व्यवहार चोख करूनच सणाला सामोरे जावे, असे मला मनापासून वाटते. तोंडाने स्तोत्र आणि मनात अबोला, असा नाताळ साजरा होतो खरा, पण तो साधत नाही.

चौथा रविवार येशूच्या आईचा, मरियेचा. आपल्या पोटी बाळ येणार हे कळल्यावर ती डोंगराळ मुलखात नात्यातल्या अलीशिबेकडे गेली. अलीशिबा उतारवयात गरोदर होती. मरिया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. गंगाखेडच्या बाजूने ऊसतोडीला माणसे गेली, की घरी पुष्कळदा म्हातारी माणसे आणि लहान लेकरेच उरतात. डिसेंबरच्या त्या आठवड्यात अशा एखाद्या घरी जावे, औषधे आणून द्यावीत, दळण आणून द्यावे, दुपारभर बोलत बसावे. हे करायला ख्रिस्ती असण्याची अट नाही. ख्रिस्ती माणसासाठी मात्र नाताळाची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.