दे इकडे पिल्लू

परतवाड्याला आमच्या घरामागे चिंचा आहेत. हिवाळा सरत आला की तिथल्या वानरांच्या कळपात नवी पिल्लं दिसायला लागतात. मोठी वानरं राखाडी अंगाची, काळ्या तोंडाची. तान्हं नेमकं उलटं, अंगावर काळपट लव आणि तोंड फिकं गुलाबी. ते नजरेत भरतंच, कळपातल्या बाकीच्या माद्यांच्याही. पहिल्याच दिवशी त्या आईभोवती जमतात, पिल्लाला हात लावतात आणि एखादी ते सरळ काढून घेते. तिच्याकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी. आई खुशाल शेंगा खात बसते. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "कशी माय आहे वं ही! पोरगं देऊन दिलं न् बसली खात!"

माझी सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात गेली. बाळंतिणीला दोन घास निवांत मिळायचे ते तिची जाऊ नाहीतर आई बाळ उचलायची तेव्हाच. त्यामुळे मला काकूंचंच नवल वाटलं.

माकड, वानर, चिंपांझी, माणूस या सगळ्या गोताला प्रायमेट म्हणतात. यांचं दूध बहुधा पातळ असतं, पिल्लाला ते पुन्हा पुन्हा लागतं. त्याला बिळात ठेवून चरायला जाण्याची सोय नाही. म्हणून ते जन्मल्यापासून आईच्या पोटाचे केस मुठीत धरून लटकतं. आपल्या तान्ह्याच्या तळहाताला बोट लावा, ते घट्ट धरतं. आपल्या अंगावरचे केस गेले, मूठ राहिली.

धरायला काही नसलं तर काय होतं, ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी पाहिलं. भारतातून नेलेली ऱ्हीसस माकडं रोग घेऊन येत, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच पैदास सुरू केली आणि पिल्लांना जन्मल्यावर काही तासांतच आईपासून वेगळं केलं. पिल्लं पिंजऱ्यात अंथरलेल्या फडक्यांना चिकटून बसत. फडकी बदलायला काढली की आकांत करत. मग हार्लोंनी दोन खोट्या आया केल्या, एक तारेची, एक टॉवेलच्या कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लू तिच्याकडे भुकेपुरतं जाई आणि दिवसातला पंधरा तासांहून जास्त वेळ कापडाला बिलगून राही. हे 1958 साली जाहीर झालं. तोवर मोठमोठे तज्ज्ञ सांगत, की आई लागते ती दुधासाठी. कुठल्याही सुईणीला विचारलं असतं तर ती पिल्लं वाचली असती. एकटी वाढवलेली मादी पिल्लं पुढे स्वतः आया झाली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी आपल्याच पिल्लाला झिडकारत, काही तर चावत.

पण हार्लोंच्या पिंजऱ्यात पिल्लू उचलून घेणाऱ्या मावशा नव्हत्या. संशोधिका सारा ब्लॅफर हर्डी 1971 मध्ये माउंट अबूला वानरं पाहायला आल्या आणि त्यांना हातोहात फिरणारी पिल्लं दिसली. ऱ्हीससची आई असं करू देत नाही. तिच्या कळपात मानपान फार कडक. वरच्या घराण्यातल्या मादीने पिल्लू घेतलं तर ते परत मागायची खालचीची टाप नसते. वानरांत उतरंड तेवढी ताठ नाही आणि माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या. दिलेलं पिल्लू परत मिळतं, म्हणून ती देते. चिंपांझीची आई मात्र कित्येक महिने कुणाला हात लावू देत नाही. ती आपली अगदी जवळची नातेवाईक, तरी या बाबतीत आपण वानराच्या वळणावर गेलो.

पिल्लासाठी सगळ्यांत जास्त झोंबतात त्या स्वतःचं पिल्लू न झालेल्या तरण्या माद्या. धरायचं कसं ते कळत नाही. आमच्या चिंचेवर एक जण तर पिल्लाला एका पायाने उलटं धरून फांदीवर चालली होती. ते किंचाळलं तशी आई उठली, हिसकावून घेतलं, छातीशी लावलं. थोड्या वेळाने तीच पोर पुन्हा हजर. शिकायची तिची ही जागा. व्हर्व्हेट माकडांत असं दिसलं आहे, की लहानपणी दुसऱ्यांची पिल्लं जास्त सांभाळलेल्या माद्यांचं पहिलं पिल्लू जगण्याची शक्यता जास्त.

काही महिन्यांत पिल्लाचा काळा रंग उतरतो आणि मावशांची ओढही ओसरते. वर्षभराने आई दूध तोडायला लागते. पिल्लू ओरडतं, तिच्या अंगावर झेपावतं. ती चापट मारते, तोंड फिरवते, कधी कंटाळून पाजतेही. तेव्हा पुढे व्हायला एकही मावशी नसते. ते भांडण आईने एकटीनेच निस्तरायचं.