अर्धविरामाचा पूर्णविराम

अर्धविराम हे चिन्ह आपण बहुतेकांनी शाळेत व्याकरणाच्या गुणांपुरतेच पाठ केलेले असते. पुढे साधे पत्र लिहिताना त्याची आठवणही होत नाही. पण घरातले कुणी संगणकाची 'सी' भाषा शिकू लागले, की हेच चिन्ह छळू लागते. तिथे साध्या आज्ञेच्या शेवटी अर्धविराम हवाच. एक राहिला की सारे काम अडते, आणि चूक दाखवली जाते ती बरेचदा पुढच्या ओळीवर! मी ही भाषा शिकवतो; निर्दोष ओळीकडे टक लावून बसलेली मुले दर वर्षी पाहतो. 'अरे, वरच्या ओळीचे शेपूट बघ,' एवढेच सांगावे लागते.

गंमत अशी, की 'सी'ला आपली ओळ दिसतच नाही. नवी ओळ म्हणजे तिच्या लेखी नुसती मोकळी जागा. आपल्या जुन्या मोडी कागदांतही मजकूर सलग धावतो; एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजवली. तोवर वाचणारा अर्थावरूनच थांबत असे. यंत्राला अर्थ कुठला कळायला? त्याला खूण हवी.

पूर्वी ती खूण ओळच होती. १९५७ च्या फोरट्रानमध्ये छिद्रे पाडलेल्या एका कार्डावर एक आज्ञा. कार्डाला ८० रकाने. आज्ञा ७ ते ७२ मध्ये बसवायची, मावली नाही तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या रकान्यात खूण करायची. १९६० च्या अल्गॉलमध्ये ओळीचे हे बंधन नव्हते; आज्ञा वेगळ्या करायला अर्धविराम होता. त्याच घराण्यातल्या पास्कलमध्ये तो दोन आज्ञांच्या मधे येतो, अगदी व्याकरणातल्यासारखा. 'सी'मध्ये मात्र तो आज्ञा संपवतो. म्हणजे नावाचा अर्धविराम, कामाचा पूर्णविराम!

१९९१ च्या पायथनने ओळीला पुन्हा मान दिला. ओळ संपली, आज्ञा संपली. कंस उघडा असेल तर पुढे चालू. डोळ्याला दिसते तेच यंत्राने मानावे, हे मला पटते. 'सी'चा कडकपणाही मला चालतो.

नको वाटतो तो मधला कारभार. १९९५ ची जावास्क्रिप्ट विसरलेला अर्धविराम स्वतःच घालून घेते. केवढा चांगुलपणा! पण समजा, बिलाची बेरीज करून रक्कम परत पाठवायची आहे. 'रिटर्न' लिहिले, एन्टर दाबला आणि रक्कम खालच्या ओळीवर लिहिली, तर बाई 'रिटर्न'पुढेच अर्धविराम टाकून मोकळ्या. रक्कम खालीच राहते, मागणाऱ्याला मिळते कोरी पाटी; आणि त्या जागी तक्रारीचा शब्दही उमटत नाही. असला घोटाळा ग्राहकाच्या हाती बिल पडल्यावर उघडकीला यायचा.

२००९ मध्ये जाहीर झालेली 'गो'ही अर्धविराम आपणच घालते, पण ओळीच्या शेवटी काय आहे एवढेच पाहून. त्यामुळे 'इफ'ची अट लिहून महिरपी कंस खालच्या ओळीवर उघडला, की ती तिथेच अडते. मुले या कंसावरून माझ्याकडे कुरकुरत येतात. येऊ देत, बिल अजून कुणाच्या हातात पडलेले नसते.